रिकामी छाती जास्त दूध बनवते

नाशिकला रविवार कारंज्याच्या आसपासच्या दुकानांत हळीव, डिंक, शतावरी, बाळंतशेपा हे सगळं बाळंतिणीसाठी म्हणून मागितलं जातं. हल्ली त्यात ‘आईचं दूध वाढवणाऱ्या’ पावडरींचे डबे आलेत. बाळ आठवड्याचं होत नाही तोच घरात कुणीतरी म्हणतं, “हिला दूध पुरत नाही वाटतं,” आणि डबा घरी येतो. पण दूध किती तयार होणार, हे आईने काय खाल्लं यापेक्षा छातीतून किती दूध बाहेर पडलं यावर कितीतरी जास्त ठरतं. हे ज्या प्रयोगांतून उलगडलं ते मला फार आवडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्तनात मिलिमीटरहूनही लहान अशा असंख्य पिशव्या असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी रक्तातून ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि मेद घेतात, त्यांचं दूध करतात आणि आतल्या पोकळीत सोडतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, याच पेशींत बनते आणि परासरणाने पाणी आपल्यामागे ओढते. म्हणून दुधाचं प्रमाण मुख्यतः लॅक्टोज किती बनलं यावर ठरतं. तहान नसताना आईने तांब्यामागून तांब्या पाणी प्यायल्याने ते वाढत नाही. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणातलं हार्मोन झपाट्याने उतरतं, दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या हार्मोनची अडवणूक संपते आणि दोन-चार दिवसांत छाती भरून येते. तोवर बाळाला मिळतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडाच असतो आणि तेवढाच लागतो. इथपर्यंत कारभार हार्मोनचा.

पुढचा भाग स्कॉटलंडच्या हॅना संशोधन संस्थेतल्या शेळ्यांनी शिकवला. शेळीच्या कासेचे दोन भाग एकमेकांपासून स्वतंत्र असतात. माल्कम पीकर आणि सहकाऱ्यांनी एका बाजूची धार जास्त वेळा काढली आणि दुसरीची नेहमीप्रमाणेच. दूध वाढलं ते फक्त जास्त वेळा पिळलेल्या बाजूचं. शेळी एक, चारा एक, रक्त एक, रक्तातलं प्रोलॅक्टिनही एकच. तेव्हा हा हुकूम मेंदूकडून आलेला असणं शक्य नव्हतं. तो त्या-त्या बाजूच्या आतच दिला जात होता.

मग दूध वाढलं ते आतला दाब उतरला म्हणून, की दुधातलंच काहीतरी कमी झालं म्हणून? १९८०च्या दशकात त्यांनी साठलेल्या दुधात साखरेचं निरुपद्रवी द्रावण सोडून ते पातळ केलं. कास रिकामी झाली नव्हती, उलट आत भर पडली होती. तरीही दूध बनण्याचा वेग वाढला! म्हणजे पेशी दुधासोबतच ‘आता पुरे’ असं सांगणारं काहीतरी सोडतात. दूध साचलं की हा घटकही साचतो आणि पेशी मंदावतात. दूध निघालं की तोही निघून जातो आणि पेशी पुन्हा जोमाने लागतात. हा घटक नेमका कोणता यावर वाद झाला. नंतरच्या संशोधनाने सेरोटोनिन या रसायनाकडे बोट दाखवलं. स्तनातल्या पेशी ते स्वतःच बनवतात. त्याचा प्रभाव वाढला की शेजारशेजारच्या पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात आणि दुधातल्या प्रथिनांची जनुकं थंडावतात.

माणसातही हेच दिसलं. ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन यांच्या गटाने दूध पाजण्याआधी आणि नंतर मातांच्या स्तनांचं आकारमान मोजलं. स्तन जितका रिकामा, तितका दूध बनण्याचा वेग जास्त. एकाच आईच्या डाव्या-उजव्या बाजूचा वेगही वेगळा. उपसा चालू असलेल्या विहिरीचे झरे मोकळे राहतात, हे सिन्नर-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता आपल्या घरांत काय होतं ते पाहा. संध्याकाळी बाळ किरकिरतं, अर्ध्या-अर्ध्या तासाने अंगावर येतं. या वयात ते स्वाभाविक आहे. पण आजी म्हणते, पोट भरत नाही, आणि वरच्या दुधाची बाटली येते. बाळ झोपतं, छाती भरलेलीच राहते, ‘आता पुरे’चा निरोप तासन् तास आतच राहतो. चार-आठ दिवस असं चाललं की दूध खरोखरच कमी होतं आणि आजीचं म्हणणं खरं ठरतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. नेमकं तेव्हाच, आईला झोप मिळावी म्हणून, घरचे प्रेमाने बाटली देतात. एप्रिलच्या उन्हात ‘बाळाला तहान लागली असेल’ म्हणून पाजलेलं चमचाभर पाणीही हेच करतं. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांपर्यंत वेगळं द्यावं लागत नाही.

म्हणून दूध वाढवायचं तर बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर घ्यायचं. पहिल्या आठवड्यांत दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा. बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळसर भागाचा बराचसा हिस्सा तोंडात. नुसतं बोंड चोखलं तर आईला दुखतं आणि दूध निघत नाही. आधी भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की सावकाश, खोल घोट आणि गिळल्याचा आवाज. बाळ पेंगायला लागलं की छाती हाताने हलके दाबावी, घोट पुन्हा सुरू होतात. पान्हा ऑक्सिटोसिन या हार्मोनने फुटतो आणि दुखणं, धास्ती, टोमणे यांनी अडतो. म्हणून बाळंतिणीपुढे ‘दूध कमी आहे’ असं सतत म्हणू नये.

हळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खावेत. पाजणाऱ्या आईला जास्तीची ऊर्जा लागतेच. शतावरी-मेथीने दूध वाढतं याचा पुरावा मात्र आजवर कच्चाच आहे. भरपूर मेथीने रक्तातली साखर उतरू शकते, पोट बिघडू शकतं. ‘नैसर्गिक’ छापलं म्हणजे निर्धोक होत नाही. आणि दूध नजर लागून आटत नाही. दृष्ट काढताना मिरच्यांचा धूर तान्ह्या बाळाच्या नाकात जातो, तो बंदच व्हायला हवा.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला परतणाऱ्या आईने कामाच्या पाळीत दोन-तीनदा दूध काढलं नाही, तर साचलेली छाती तोच निरोप देणार. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत बाळाला पाजण्यासाठी रोज दोन जादा मधल्या सुट्ट्या कायद्याने मिळतात, त्या मागून घ्याव्यात. काढलेलं दूध फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. आपल्या मे महिन्यात बाहेर ठेवण्याच्या भरवशावर राहू नये.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ वेळा लघवी आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघणं, हे पाहावं. काही आठवड्यांनी छाती मऊ लागते, ते दूध आटल्याचं लक्षण नाही. खरंच कमी दूध असणाऱ्या आयाही असतात. थायरॉइड, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, बाळंतपणातला फार मोठा रक्तस्राव, आधीची शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ही कारणं डॉक्टरांनी शोधावी लागतात. तोवर बाळाला वरचं दूध द्यावंच लागलं तर वाटी-चमच्याने द्यावं आणि त्या प्रत्येक वेळी छातीही हाताने किंवा पंपाने रिकामी करावी.