अर्जावर ‘नाही’, रक्तात ‘होय’

वैमानिकाने आजार लपवल्याची बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली असते: तपासणी आणखी कडक करा. 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये आदळवलं आणि 150 जीव गेले, तेव्हाही हेच ऐकू आलं. काही जण तर वैमानिकांना लाय डिटेक्टरला बसवा म्हणतात. ते यंत्र घाम, श्वास आणि नाडी मोजतं. खोटेपणा मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

अमेरिकेत वैमानिकाच्या मेडिकलच्या, म्हणजे उड्डाणासाठी लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या, अर्जात विचारतात: सध्या कोणती औषधं घेता (चिठ्ठीविना मिळणारीसुद्धा), गेल्या 3 वर्षांत कोणत्या डॉक्टरांकडे गेलात, आयुष्यात कधी अमुक आजार झाला होता का. खाली सही. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर 5 वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढा धाक असूनही रक्त वेगळंच बोलतं. तिथे अपघातात दगावलेल्या वैमानिकांचे नमुने एफएए या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ओक्लाहोमा सिटीतल्या प्रयोगशाळेत तपासले जातात. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने 1990 ते 2012 या काळातल्या 6,677 वैमानिकांचे असे अहवाल 2014 मध्ये एकत्र मांडले. बहुतेक जण छोटी खासगी विमानं उडवणारे होते. कामात अडथळा आणू शकतील अशा औषधांत सगळ्यात जास्त वेळा सापडलं डायफेनहायड्रामाइन. हे सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्यांत असतं, तसंच चिठ्ठीविना मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्यांतही. औषध सापडलं म्हणजे अपघात त्यानेच झाला असं नव्हे. पण ते सापडलं खरं.

नाक वाहणं थांबवणारी गोळी झोप का आणते, ही माझ्या लेखी फार सुरेख गोष्ट आहे. अ‍ॅलर्जीत नाकातल्या पेशी हिस्टामाइन सोडतात. ते रक्तवाहिन्यांवरच्या आणि चेतातंतूंवरच्या एच-1 नावाच्या ग्राहींना (असे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं, वाहिन्या पाझरू लागतात आणि शिंका सुरू होतात. हाच रेणू मेंदूत अगदी वेगळं काम करतो. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. आपण जागे असताना या पेशी मेंदूभर हिस्टामाइन सोडत राहतात आणि झोपेत गप्प होतात. तिथला ग्राहीही एच-1 च. म्हणजे नाकातलं कुलूप बंद करणारी किल्ली मेंदूतही लागते, फक्त ती तिथवर पोचायला हवी.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तातलं सगळं काही आत जात नाही. डायफेनहायड्रामाइनचा रेणू लहान आणि मेदात विरघळणारा, तो पेशीच्या पटलातूनच पार होतो. फेक्सोफेनाडिन हे नव्या पिढीतलं औषधही त्या भिंतीत शिरू पाहतं, पण तिथे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिनांचे पंप बसलेले आहेत. ते एटीपी (पेशीचं इंधन) जाळून फेक्सोफेनाडिनला उलट रक्तात ढकलतात. नाक सुधारतं, मेंदू जागा राहतो. एफएएला हे औषध चालतं, तेही आधी जमिनीवर घेऊन दुष्परिणाम होत नाहीत ना हे पाहिल्यावरच.

डायफेनहायड्रामाइननंतर मात्र 60 तास उड्डाण बंद. साधारण नियम असा की औषधाचे पाच अर्धायुकाल (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) जाऊ द्यावेत: अर्धं, पाव, आठवा हिस्सा, सोळावा, बत्तिसावा, म्हणजे उरलं जेमतेम 3 टक्के. शुक्रवारी रात्री दहाला गोळी घेतली, तर सोमवारी सकाळी दहाला मोकळे.

आयोवा विद्यापीठात 2000 साली झालेला एक प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. 40 जणांना कधी डायफेनहायड्रामाइन, कधी फेक्सोफेनाडिन, कधी दारू, कधी नकली गोळी देऊन ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवलं. सगळ्यात वाईट गाडी डायफेनहायड्रामाइनवर चालली, दारूपेक्षाही वाईट. शिवाय किती झोप येतेय हे लोकांनी स्वतः सांगितलं, त्यावरून कोण किती चुकेल याचा नीट अंदाज येईना. ‘मी ठीक आहे’ म्हणणारा वैमानिक मनापासून खरं बोलत असतो आणि तरीही ठीक नसतो. अर्ज कितीही कडक केला तरी हे त्यात कुठून येणार?

जाणूनबुजून लपवण्याचं गणित वेगळं आहे. 2010 पर्यंत अमेरिकेत नैराश्यावरची गोळी सुरू केली की उड्डाण बंद. म्हणजे उपचार घ्या आणि पगार गमवा, गुपचूप घ्या, किंवा घेऊच नका. विमानात बसणाऱ्याच्या दृष्टीने तिसरा पर्याय सगळ्यात वाईट. त्या वर्षी एफएएने चार औषधांना अटींसह परवानगी दिली आणि आधी लपवलेलं सहा महिन्यांत सांगणाऱ्यांवर दिवाणी कारवाई करणार नाही असं जाहीर केलं. तरी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त वैमानिकांनी कबूल केलं, की मेडिकल जाईल या भीतीने आपण डॉक्टरांकडे जाणं टाळतो किंवा त्यांना सगळं सांगत नाही. ही पाहणी निनावी होती.