पावसाळ्यात तडकणारं पितळ

अमेरिकेत नेमबाजीचे कित्येक शौकीन रायफलची काडतुसं घरीच भरतात. भरताना एखादं बिघडलं तर ते उकलून गोळी परत वापरतात. पितळी पुंगळीच्या मानेवर, म्हणजे गोळी जिथे बसते त्या अरुंद तोंडावर, केसासारखी उभी चीर दिसली, की ती मात्र थेट भंगारात जाते. पुंगळी जुनी झाली, झिजली, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण एकदाही न झाडलेलं काडतूस तडकतं, तेव्हा काय म्हणायचं?

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेपुढे हेच कोडं होतं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांना पाऊस सरेपर्यंत तडे जायचे. म्हणून नावच पडलं 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे मोसमी तडे. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला, आणि तो मला फार आवडतो.

काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. एका चकतीला साच्यातून ओढत ओढत नळी करतात, मग तिची मान आवळतात. धातू बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. ओढताना कणांमधले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, अडकतात आणि धातू कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन पत्रा कडक होतो, तोच हा प्रकार. म्हणून तर तांबट तो मधूनच भट्टीत तापवतो. पण सगळे भाग सारखे ओढले जात नाहीत. कुठे धातू ताणलेला राहतो, कुठे दाबलेला. बाहेरून काहीच दिसत नाही.

आता तबेला. घोड्यांच्या मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. दमट हवेत पितळावर पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, त्यात अमोनिया विरघळतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तांबं विरघळवू लागतो. कणांच्या सीमारेषा आधी पोखरल्या जातात. तिथे आतला ताण चीर उघडतो, चिरेच्या टोकाशी एकवटतो, कोरा धातू उघडा पडतो, अमोनिया पुन्हा तिथेच पोचतो. तडा जायला ताण आणि अमोनिया, दोन्ही लागतात. ताण नसलेल्या पितळावर तोच अमोनिया डाग पाडेल, तडा नाही.

घरातली पितळी कळशी आपोआप चिरली म्हणून अपशकुन धरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ती गोठ्याजवळ ठेवली होती का, ते आधी बघा. गोमूत्रातूनही अमोनियाच सुटतो.

उपाय साधा निघाला. पुंगळी 250 ते 300 अंश सेल्सिअसला थोडा वेळ तापवली, की आतला ताण बराच उतरतो आणि कडकपणा टिकतो. मानेला याहून जास्त आच देऊन ती मऊ करतात. सैन्याच्या काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती त्याच आचेची खूण.