फेरिटिन नॉर्मल आलंय, पण ताप कधी येऊन गेला?

भातलावणी उरकली की गुहागरकडच्या आमच्या वाडीत निम्मी माणसं अंगदुखी नाहीतर तापाने झोपलेली असतात. गेल्या पावसात काकीला चार दिवस ताप होता, तो उतरला पण थकवा काही जाईना, विहिरीवरून घाटी चढून यायची तर मध्ये दोनदा बसायची, केस तर विंचरताना हातात यायचे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 12.2 आणि फेरिटिन 58. दोन्ही रेंजमध्ये, मग सगळे म्हणाले काही नाही गं, वयाचं आहे. वय 43! मला हे अजिबात पटलं नाही.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा कणगा. 24 तुकडे जुळून बनलेली पोकळ गोल डबी, तिच्यात लोहाचे साडेचार हजारापर्यंत अणू मावतात. 1937 मध्ये लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने घोड्याच्या प्लीहेतून हे प्रोटीन वेगळं काढलं. खरा साठा लिव्हर, प्लीहा आणि हाडांच्या मगजात असतो, रक्तात येतं ते अगदी थोडं, पण कणग्याखाली सांडलेल्या दाण्यांवरून आत किती भात उरलाय ते कळावं तसा त्यावरून अंदाज येतो. हिमोग्लोबिन म्हणजे आज टोपात शिजलेला भात. कणगा तळाला गेला तरी टोप काही दिवस भरलेलाच दिसतो, म्हणून हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही बाई थकलेली असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता. बरेच डॉक्टर 30 च्या खालीच सावध होतात. (रिपोर्टवर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असो की मायक्रोग्रॅम प्रति लिटर, आकडा तोच.) पण अंगात इन्फेक्शन किंवा सूज असेल तर हीच रेषा 70 वर जाते, आणि काकीचं सगळं इथेच अडलं होतं.

जंतूंनाही वाढायला लोह लागतं. त्यामुळे ताप आला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, ते पेशींतून लोह बाहेर पडायची दारं बंद करतं, लोह आत कोंडलं जातं आणि फेरिटिन चढतं. डेंग्यूत तर ते हजारांतही जाऊ शकतं. फॅटी लिव्हर, दारू, संधिवात यांतही आकडा फुगतो. म्हणून सोबत सीआरपी (अंगात सूज आहे का ते सांगणारी टेस्ट) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन किती भरलंय ते) बघतात, किंवा सरळ ताप जाऊन काही आठवडे झाल्यावर परत तपासतात.

गणपती झाल्यावर काकीची परत टेस्ट केली. फेरिटिन 9.

मग डॉक्टरांनी नीट विचारलं तेव्हा कळलं की दोन वर्षं पाळीत खूप जातंय, आणि ही बाई कुणाला बोललीच नव्हती, आमच्याकडे बोलतच नाहीत बायका. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत फेरिटिन कमी आलं तर पोट-आतड्यांतून रक्त जातंय का ते शोधावंच लागतं, मूळव्याध, अल्सर, गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या पेनकिलर, काहीही असू शकतं. शेतात अनवाणी फिरणाऱ्यांना हुकवर्म हा जंत होऊ शकतो, तोही आतड्यातून रक्त पितो.

काकीला एक दिवसाआड लोहाची गोळी दिली, कारण रोज घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. गोळीवर कोरा चहा मात्र बंद, चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, लिंबूपाणी चालतं. शौच काळी होते त्याला घाबरायचं नाही. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांमधलं लोह चांगलं असतं, बिडाच्या भांड्यात आंबट शिजवलं तर तेही थोडं उतरतं, पण 9 चा कणगा नुसत्या जेवणाने भरायला फार वेळ लागतो. हिमोग्लोबिन सुधारलं की लोक गोळ्या सोडतात ही मोठी चूक आहे, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. आणि फेरिटिन जास्त आलेल्याने कुणाचं ऐकून लोहाच्या गोळ्या अजिबात घेऊ नयेत.

काकीच्या सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली गाठ) निघाला, त्याची ट्रीटमेंट चालू आहे. शिमग्याला फेरिटिन 34 आलं, डॉक्टर म्हणाले अजून दोन महिने गोळ्या चालू ठेवा. घाटी ती आता न बसता चढते.