तापाच्या रुग्णाची काख, जांघ पाहिलीत का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळा सरला की भातकापणी आणि गवतकाढणी एकदमच अंगावर येते. याच दिवसांत डेंग्यू, टायफॉइडच्या जोडीने स्क्रब टायफसही डोके वर काढतो. नाव टायफॉइडसारखे असले तरी दोघांचा काही संबंध नाही. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, तर स्क्रब टायफस झुडपा-गवतातल्या चिगर अळीच्या चाव्यातून.

ही अळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची, नारिंगी, सहा पायांची. प्रौढ झालेला किडा माणसाला चावतच नाही. अळी मात्र एरवी उंदीर-घुशींच्या आणि संधी मिळाली तर आपल्या अंगावर चढते. ती रक्त पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवून तो रस घेते, आणि लाळेबरोबर ओरिएन्शिया हा जिवाणू शरीरात उतरतो. मादीकडून तो अंड्यांतही जातो, त्यामुळे एखाद्या बांधावर हा धोका वर्षानुवर्षे टिकतो.

चाव्यानंतर साधारण १० ते १२ दिवसांनी थंडी-ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावलेल्या जागी काळी खपली धरते. तिच्याभोवती लालसर कडा असते, सिगारेटचा चटका बसावा तशी. खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. ती काखेत, जांघेत, स्तनांखाली, नाडी बांधतो तिथे कमरेवर, गुडघ्याच्या लवणीत किंवा कानामागे लपते. जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) आले असेल तर त्या बाजूचा पाय नीट पाहावा. घरातल्या माणसाने उजेडात संपूर्ण अंग तपासावे आणि खपली सापडल्यास डॉक्टरांना न लाजता दाखवावी. खपली नसली म्हणून हा आजार नाही, असे मात्र नाही.

घोळ होतो तो औषधात. टायफॉइडसाठीची विडाल चाचणी कित्येकदा फसवी पॉझिटिव्ह येते आणि टायफॉइड समजून सेफिक्सिम किंवा सेफ्ट्रायॅक्सोन सुरू होते. ही औषधे जिवाणूची भिंत मोडतात. ओरिएन्शिया तर रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या आत दडून बसलेला असतो आणि त्याची भिंतही वेगळी, म्हणून ती त्याला लागू पडत नाहीत. आठवडा असाच गेला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होऊन जीव धोक्यात येतो. प्लेटलेट घटल्याने डेंग्यूचाही भास होतो.

खरे औषध स्वस्त आहे: डॉक्सीसायक्लिन. मोठ्या माणसाला सहसा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. हे डॉक्टरांनीच ठरवायचे. गोळी जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, लोहाची गोळी किंवा अँटासिड तिच्यासोबत नको. स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा ही रक्तचाचणी पहिल्या ५-७ दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लक्षणे जुळत असतील तर अहवालासाठी औषध थांबवू नये. औषध बरोबर असेल तर बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरतो. न उतरल्यास निदान पुन्हा तपासावे लागते. शेजारच्या दोडामार्गकडे आढळणारा माकडताप गोचिडीमुळे होतो, पण तो विषाणूचा आजार आहे. त्यावर ही गोळी चालत नाही.

गवतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत. विसाव्याला गवतावर लोळू नये, सदरा काढून झुडपावर टाकू नये. घरी येताच साबणाने अंग घासून गरम पाण्याने अंघोळ करावी आणि कामाचे कपडे कडकडीत पाण्यात भिजवावेत, म्हणजे न चिकटलेली अळी धुतली जाते.