स्पीकर ठणठणीत, ॲप आजारी

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमधला हॉल, कोपऱ्यात वायफायवर चालणारा स्पीकर. गाणं चालू असताना दाराची बेल वाजते, म्हणून तुम्ही आवाज कमी करायला फोनवर बोट सरकवता. काही होत नाही. पुन्हा सरकवता, तरी नाही. तिसऱ्यांदा सरकवल्यावर पाच सेकंदांनी तिन्ही हुकूम एकदम पोचतात आणि स्पीकर मुका होतो. वाढवायला जावं तर तोच तमाशा उलट्या बाजूने, सगळं घर दणाणतं. स्पीकरचा कोन, चुंबक, ॲम्प्लिफायर सगळं धडधाकट असतं. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो वाजवून दाखवेल आणि परत पाठवेल.

सोनोस या अमेरिकन कंपनीच्या अनेक गिऱ्हाइकांनी 2024 च्या उन्हाळ्यात हेच भोगलं. 2002 साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात निघालेल्या या कंपनीचं नाव झालं ते घरभरच्या खोल्यांत एकच गाणं एका तालात वाजवण्यामुळे. 7 मे 2024 रोजी तिने आपलं मोबाइल ॲप मुळापासून नव्याने लिहून लोकांच्या हाती दिलं. त्यात झोपताना गाणं आपोआप बंद करणारा टायमर नव्हता, गजराची वेळ बदलता येत नव्हती, घरच्या हार्ड डिस्कवरच्या संग्रहात गाणं शोधता येत नव्हतं, पुढच्या गाण्यांची रांग हवी तशी लावता येत नव्हती. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीवर अवलंबून असलेल्या अंध वापरकर्त्यांचे हाल वेगळेच. त्यातून स्पीकर ॲपला सापडत नसत, सापडले तरी मधूनच गायब होत.

गंमत म्हणजे या तंत्रातलं सगळ्यात अवघड काम नीट चाललं होतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एक मीटरला सुमारे 3 मिलिसेकंद. हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला स्पीकर एकमेकांच्या 40-50 मिलिसेकंद मागेपुढे झाले, की मधल्या दारात उभ्या माणसाला प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. एकाच खोलीतल्या डाव्या-उजव्या जोडीत तर एका मिलिसेकंदाचा फरकही चालत नाही, गायिकेचा आवाज मधोमध न राहता एका बाजूला ओढला जातो. यावर उपाय असा, की गटातला एक स्पीकर म्होरक्या होतो. गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर ‘अमुक क्षणी वाजव’ असा शिक्का मारून तो वाटतो, आणि बाकीचे आपली घड्याळं त्याच्या घड्याळाशी जुळवत राहतात. भजनात टाळकरी कितीही असोत, ठेका पखवाजाचा, तसंच हे. घोटाळा झाला तो फोनमधला हुकूम या म्होरक्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवर.

फोनला स्पीकर कुठे आहे हे मुळात ठाऊकच नसतं, कारण राउटर त्याला आज एक पत्ता देईल, उद्या दुसरा. म्हणून फोन चाळीच्या चौकात उभं राहिल्यासारखी हाक मारतो, ‘आहे का कोणी?’ ज्याला ऐकू जाईल तो ओ देतो. जुनं ॲप ही हाक एसएसडीपी नावाच्या पद्धतीने मारायचं: सामायिक पत्ता 239.255.255.250, पोर्ट (म्हणजे त्या पत्त्यावरचं दार) 1900. नव्या ॲपने भिस्त एमडीएनएस या दुसऱ्या पद्धतीवर टाकली: पत्ता 224.0.0.251, पोर्ट 5353. दोन्ही पद्धती जुन्याच आणि मान्यताप्राप्त. पण वायफायची एक खोड इथे आडवी येते. एकाला धाडलेला निरोप पोचला की समोरून पोच मिळते, मिळाली नाही तर राउटर तो पुन्हा पाठवतो. सगळ्यांना उद्देशून राउटर जे ऐकवतो, त्याला मात्र पोच नसते. हरवलं तर हरवलं. शिवाय सगळ्यांना कळावं म्हणून ते सर्वांत संथ वेगाने बोललं जातं, आणि गर्दीच्या हवेत हळू बोलणाऱ्यावर कोणी ना कोणी कुरघोडी करतंच. काही राउटर तर नको ती वर्दळ गाळण्याच्या नादात ही हाकही गाळून टाकतात. तेव्हा हाकेची पद्धत बदलली, की कालपर्यंत बिनबोभाट चाललेल्या घरात आज स्पीकर बहिरा ठरू शकतो.

दुसरा बदल याहून खोल. जुन्या ॲपचा हुकूम घरातल्या घरात, थेट स्पीकरच्या 1400 क्रमांकाच्या पोर्टवर, उघड्या भाषेत जायचा. नव्या रचनेत बोलणं कुलूपबंद झालं आणि बरीच कामं कंपनीच्या सर्व्हरमार्फत जाऊ लागली. कुलूप लावणं योग्यच होतं. आधी घरच्या वायफायवर आलेला कोणीही पाहुणा तुमच्या स्पीकरला हुकूम सोडू शकत असे. पण कुलूप-किल्लीचा हिशेब जुन्या स्पीकरमधल्या अशक्त प्रोसेसरला जड जातो, आणि सर्व्हरची फेरी त्याहून जड. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या भल्यामोठ्या इमारती उभ्या आहेत. सर्व्हर तिथे असो की समुद्रापार, तीन मीटरवरच्या स्पीकरसाठीचा निरोप आधी घराबाहेर पडणार असेल, तर वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात तो आपटणार. आवाजाची पट्टी एकदा सरकवली की डझनावारी छोटे हुकूम निघतात. ते वाटेत तुंबले आणि मग एकदम सुटले की सुरुवातीला सांगितलेला दणका बसतो. चांगला प्रोग्रामर तुंबलेले जुने हुकूम फेकून फक्त शेवटचा पाठवतो.

आता दोष सगळा कंपनीचा, असंही नाही. ठाण्याच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी मायवान पद्धतीचं बांधकाम आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीही सळया घालून काँक्रीटच्याच ओतलेल्या. जुन्या सिडको इमारतीतली विटांची भिंत वायफायला जेवढं जाऊ देते, तेवढं ही देत नाही. त्यात वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झच्या लहरी, लांबी जेमतेम 6 सेंटीमीटर, 2.4 गिगाहर्ट्झच्या साडेबारा सेंटीमीटरच्या लहरींपेक्षा लवकर ढेपाळतात. 2.4 वर जावं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वीस-पंचवीस राउटर आधीच ठाण मांडून बसलेले.

पण सर्वांत जास्त घोळ घालते ती दोन डब्यांची जोडी. इंटरनेटवाला फायबरचा डबा बसवून जातो, तो स्वतःच राउटर असतो. रेंज पोचत नाही म्हणून घरचे वर आपला मेश राउटर जोडतात. आता घरात दोन वेगळी नेटवर्क झाली: फोनचा पत्ता 192.168.1 ने सुरू होतो, स्पीकरचा 192.168.29 ने, आणि एका चौकातली हाक दुसऱ्या चौकात जात नाही. दोन्ही पत्ते तपासा, टिंबांनी तोडलेले पहिले तीन भाग जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर फायबरचा डबा ब्रिज मोडवर टाका, नाहीतर आपला मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकाच डब्याकडे राहील. दोन्हीपैकी एकच करा. मग राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. 2.4 ची वाहिनी 1, 6 किंवा 11 यांपैकी सर्वांत मोकळी असेल ती घ्या आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झवर ठेवा, 40 केली तर शेजाऱ्याशी हमखास टक्कर. आयफोनवर त्या ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आहे का बघा, व्हीपीएन बंद करा, आणि फोन चुकून पाहुण्यांच्या वायफायवर तर नाही ना, हेही.

लाइट जाऊन आल्यावर स्पीकर सापडत नसतील तर कारण बहुधा साधं असतं. वीज येताच सगळं एकदम जागं होतं, राउटरला उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर स्पीकर पत्ता मागून कंटाळतो आणि स्वतःच 169.254 ने सुरू होणारा एक निरुपयोगी पत्ता धरून बसतो. आधी फायबरचा डबा, तीन मिनिटांनी राउटर, मग एकेक स्पीकर, या क्रमाने चालू करा. अख्खी खटपट नको असेल तर फायबरचा डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

सोनोसच्या गिऱ्हाइकांनी हे सगळं केलं, काहींनी नवे राउटर आणले, आणि तरी एकच मागणी धरली: जुनं ॲप परत द्या. कंपनीने तो विचार केलाही. पण ऑगस्ट 2024 मध्ये तिने सांगितलं, की चाचण्यांत जुनं ॲप परत आणल्याने त्रास वाढतानाच दिसला. कारण अशी व्यवस्था तीन पायांवर उभी असते: फोनमधलं ॲप, स्पीकरमधलं फर्मवेअर (त्याला आतून चालवणारा प्रोग्राम) आणि दूरचा सर्व्हर. मेनंतर दुसरा आणि तिसरा पायही बदलत गेले होते. जुनं ॲप आता नव्या फर्मवेअरशी जुन्या बोलीत बोलणार, अर्धं कळणार, अर्धं नाही. परतीची वाट हवी असेल तर ती निघण्याआधी बांधावी लागते: सर्व्हरने जुनी-नवी दोन्ही बोली काही महिने सांभाळायच्या, सेटिंग नव्या साच्यात हलवताना जुनी प्रत राखायची, आणि अपडेट आधी शंभरात एका घरी, मग पाच घरी, मग पंचवीस घरी सोडायचं. प्रयोगशाळेत हे पकडता येत नाही. दहा स्पीकर मॉडेल, वीस राउटर, पाच फोन धरले तरी हजार जोड्या होतात, आणि खरी घरं याहून चित्रविचित्र असतात.

कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली ती 25 जुलैला, म्हणजे अडीच महिन्यांनी. आमच्या मते हा उशीर मूळ चुकीइतकाच महाग पडला. ऑगस्टमध्ये दोन नवी उत्पादनं लांबणीवर टाकली गेली, दुरुस्तीचा खर्च 2 ते 3 कोटी डॉलर येईल असं कंपनीनेच सांगितलं, त्याच महिन्यात सुमारे 100 कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. ॲप कोणी लिहायचं आणि भरपाई कोणी करायची, याचा हिशेब नेहमी असाच तिरपा असतो. ऑक्टोबरमध्ये वॉरंटी एक वर्षाने वाढवण्याचं आणि मोठे बदल टप्प्याटप्प्याने सोडण्याचं वचन आलं. जानेवारी 2025 मध्ये स्पेन्स पायउतार झाले आणि टॉम कॉनरॅड यांनी सूत्रं घेतली.

कुठल्याही कंपनीचा असा स्पीकर घ्यायला नौपाड्यात किंवा वाशीत दुकानात गेलात, तर आवाज ऐकून झाल्यावर एक विनंती करा: राउटर चालू ठेवून फक्त बाहेरून येणारी फायबरची वायर काढायला सांगा. आता फोनवरून आवाज कमी-जास्त होतो का? अंगावरच्या बटणांनी गाणं थांबतं का? ब्लूटूथ किंवा ऑक्सची वायर जोडून काही वाजतं का? तिन्हीला नाही असेल, तर तुम्ही स्पीकरबरोबर एका सर्व्हरची मर्जीही विकत घेत आहात, आणि तिची वॉरंटी कार्डावर छापलेली नसते. घरी आणल्यावर मोठं अपडेट आलं की दोन-तीन आठवडे थांबावं, हे बरं. फक्त फोनमधलं ॲप अडवून स्पीकरचं फर्मवेअर रात्री आपोआप बदलू दिलंत, तर त्या तीन पायांचा खेळ तुमच्याच हॉलमध्ये सुरू होईल. थांबवायचं तर दोन्ही थांबवा.