चाक फिरतंय पण ट्रॅक्टर जात नाही: सात एकराला टू व्हील की फोर व्हील?

आमच्या दादाची (चुलत भाऊ, पण घरात लहानमोठे सगळे दादाच म्हणतात) इंदूरजवळच्या सांवेरकडे सात एकर जमीन आहे. खरिपात सोयाबीन, रबीत गहू, आणि एका कोपऱ्यात बटाटा नाहीतर लसूण, ज्या वर्षी ज्याचा भाव डोक्यात असेल ते. आत्तापर्यंत सगळं काम भाड्याच्या ट्रॅक्टरवर. पण पाऊस पडला की सगळ्या गावाला एकदमच ट्रॅक्टर हवा असतो आणि आपला नंबर येईपर्यंत जमीन एकतर ओली किंवा मग दगड, म्हणून ठरलं की स्वतःचा घ्यायचा, ४५ एचपीच्या आसपास. तिथून पुढे भांडण सुरू: टू व्हील, ज्यात इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते, की फोर व्हील, ज्यात ती चारही चाकांना जाते. शोरूमवाला म्हणाला, "फोर व्हील ले लो भिया, आजकल सब वही ले रहे हैं." शेजारचे पटेल म्हणाले कशाला, आमचा टू व्हील वीस वर्षं चाललाय. फरक साधारण लाख-दीड लाखाचा. मग दादाने मला फोन केला, अरे तू इंजिनियर ना, सांग.

मी इंदूरच्या फ्लॅटमध्ये राहणारा इंजिनियर, माझा मातीशी संबंध गॅलरीतल्या कुंड्यांपुरता. पण प्रश्न मस्त होता. कारण तो इंजिनचा नाहीच, मातीचा आहे.

आधी एक गोष्ट, जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. टायरला पकड मिळते म्हणजे काय होतं? रस्त्यावर रबर आणि डांबर यांचं घर्षण, तिथे विषय संपला. शेतात टायरचे दात मातीत घुसतात आणि दोन दातांच्या मधला मातीचा तुकडा मागे ढकलायला बघतात. तो तुकडा खालच्या मातीपासून सुटला नाही तर ट्रॅक्टर पुढे जातो, सुटला तर चाक जागेवर फिरतं. म्हणजे ट्रॅक्टरची ओढ किती, हे मातीच तुटायला किती विरोध करते त्यावर ठरतं. इंजिन ४५ चं असो नाहीतर ७५ चं.

आणि हा विरोध दोन भागांचा असतो, हे कूलोंब नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १७७६ सालीच मांडलं होतं (हो, विजेच्या चार्जवाला कूलोंब तोच). एक भाग कणाकणांच्या घर्षणाचा, हा वरून वजन पडलं की वाढतो. दुसरा मातीच्या चिकटपणाचा, त्याला वजनाशी काही देणंघेणं नाही, तो फक्त किती जागेवर पकड आहे ते बघतो. घरात करून बघा. ताटात कोरडा रवा पसरा, तळहात दाबा आणि सरकवा: जितकं दाबाल तितका हात अडेल. आता सैल भिजवलेल्या कणकेवर तेच करा. कितीही दाबा, हात सुर्रकन जातो. दाबण्याचा उपयोग शून्य, उलट हात आत रुततो.

माळव्याची काळी माती ही पावसाळ्यात ती सैल कणीक असते. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण खूप, आणि ती चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची, जिचे थर पाणी पिऊन फुगतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत चप्पल काढून घ्यावी असा गारा. एकच जमीन मे महिन्यात आणि जुलैत दोन वेगळ्या पदार्थांसारखी वागते, टू व्हील की फोर व्हील या प्रश्नाचं उत्तर त्यामुळेच एका वाक्यात देता येत नाही.

टू व्हीलमध्ये ओढायचं काम फक्त मागच्या दोन चाकांचं. उभ्या ट्रॅक्टरचं साधारण ६०-६५ टक्के वजन मागे असतं, आणि ओढायला लागला की पुढचं वजन अजून मागे सरकतं. २ टनाचा ट्रॅक्टर धरा, मागे १,३०० किलो. तो ७०० किलोच्या जोराने ओढतोय, ओढ जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर, दोन्ही आसांमधलं अंतर २ मीटर, तर ७०० चा चौथा भाग म्हणजे १७५ किलो पुढून मागे येतात. नांगर मातीत खाली खेचला जातो त्याचंही वजन मागच्या चाकांवर घेता येतं, हॅरी फर्ग्युसनच्या थ्री पॉइंटची (अवजार ट्रॅक्टरला मागे तीन ठिकाणी जोडायची पद्धत) सगळी करामत हीच, आणि ड्राफ्ट कंट्रोलचा, म्हणजे ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं उचलणारा, लिव्हर त्यासाठीच दिलेला असतो. आमच्याकडचे ड्रायव्हर तो एकदा एका जागी करतात आणि मग त्याला हात लावत नाहीत. असो. तर कोरड्या घट्ट जमिनीवर, म्हणजे रव्यावर, टू व्हील दिसतो तेवढा बिचारा नाही, पुढच्या चाकांवर फार वजन उरतच नाही आणि फोर व्हीलला पुढून मिळणारी जास्तीची ओढही त्यामुळे बेताचीच असते.

कणकेवर मात्र उलटं होतं. तिथे वजन मागे आलं काय आणि पुढे राहिलं काय, पकड जागेवर ठरते, आणि फोर व्हीलकडे मातीत दात रोवलेली अजून दोन चाकं असतात. वर टू व्हीलची पुढची चाकं ६.०० बाय १६ ची, बारीक आणि दात नसलेली, ती गाऱ्यात रुतून समोर मातीचा ढीग लोटत जातात, आणि तो ढीग लोटायची ताकद मागच्याच चाकांनी पुरवायची. फोर व्हीलची पुढची चाकं स्वतः चढून जातात.

याचे आकडे आहेत. अमेरिकन कृषी इंजिनियरांच्या संघटनेच्या तक्त्यात पीटीओची (ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवायला दिलेला शाफ्ट) ताकद आणि प्रत्यक्ष ओढीची ताकद यांचं गुणोत्तर दिलंय. काँक्रीटवर दोघांचंही ०.८७, फरक नाहीच. घट्ट जमिनीत टू व्हील ०.७२, फोर व्हील ०.७७. मऊ जमिनीत ०.५५ आणि ०.६५. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३८ एचपी मिळतात असं धरलं तर घट्ट जमिनीत फरक दोन एचपीचा, मऊ जमिनीत चारचा. आपल्या जवळच बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिचे रिपोर्ट बघताना हे लक्षात ठेवा की ओढीची चाचणी पक्क्या ट्रॅकवर होते, म्हणजे जिथे दोघं सारखेच तिथे.

आता रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार. दादाला वाटत होतं की रोटावेटर सगळ्यात जड काम, म्हणून फोर व्हील पाहिजे. जड आहे, खरंय, पण ती ताकद टायरमधून जातच नाही, इंजिनातून पीटीओने थेट पात्यांना जाते. आणि पाती चाकांच्याच दिशेने फिरत माती मागे फेकतात, म्हणजे रोटावेटर ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतो! थ्रेशर, फवारणीचा पंप, तेच, टायरचा संबंध नाही. टायरचा कस लागतो तो पलटी नांगराला, खोल चालवलेल्या कल्टिव्हेटरला आणि चिखलातून भरलेली ट्रॉली काढायला. म्हणून किती एकर हे विचारण्याआधी हे विचारावं की वर्षभरातलं किती काम टायरमधून जाणारं आणि किती पीटीओतून. दादाकडे पलटी दोन-तीन वर्षांतून एकदा, मे महिन्यात, तीही भाड्याने.

एवढं फोनवर सांगून दादाचं समाधान होईना, म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहे खाऊन निघालो, सोबत ५० मीटरची टेप. शेजारच्यांचा टू व्हील आणि नऊ दातांचा कल्टिव्हेटर मागून घेतला. मागच्या टायरवर खूण करायला खडू काही टिकेना, शेवटी ड्रायव्हरने तंबाखूची डबी काढली आणि चुन्याचं बोट ओढलं, झकास पांढरी रेघ. प्रयोग कोणीही करावा असा आहे: कल्टिव्हेटर वर उचलून चाकाचे बरोबर दहा फेरे, अंतर मोजायचं. मग कल्टिव्हेटर जमिनीत टाकून, त्याच गिअरला, पुन्हा दहा फेरे.

उचलून ३९ मीटर भरले. टाकून ३०.

९ मीटर गेले कुठे? स्लिपमध्ये, २३ टक्के. चाक फिरलं, डिझेल जळलं, ट्रॅक्टर गेला नाही. थोडं स्लिप लागतंच बरं का, माती थोडी मागे दबल्याशिवाय ती विरोधच करत नाही, शून्य स्लिप म्हणजे शून्य ओढ. पण टू व्हीलला १० ते १५ टक्के आणि फोर व्हीलला ८ ते १२ टक्के हे चांगलं समजतात, त्याच्यावर गेलं की नुसतं नुकसान. त्या दिवशी तासाच्या, म्हणजे नांगरटीच्या सरीच्या, तळाला बोट लावून पाहिलं तर टायर घासून माती अशी चकचकीत झाली होती, जशी कुंभाराच्या चाकावरची. ती वाळली की वीट. त्याच्यातून सोयाबीनचं मूळ काय खाली जाणार.

दादा लगेच म्हणाला, बघ, फोर व्हीलच घ्यावा लागणार. मी म्हटलं थांब, परवा परत येतो.

दोन दिवस ऊन पडलं. तोच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर, तीच डबी. जमिनीला वाफसा आला होता, इथले शेतकरी बतर आली म्हणतात, मुठीत माती दाबली की गोळा होतो आणि टिचकी मारली की फुटतो. दहा फेरे, ३४.५ मीटर. म्हणजे साडेअकरा टक्के. चाकं दोनच, ड्रायव्हिंग तेच, फक्त कणकेचा थोडा रवा झाला होता.

माझं मत तिथे त्या बांधावर पक्कं झालं. काळ्या मातीत फोर व्हीलचे जास्तीचे पैसे आपण ताकदीसाठी देतच नाही, दिवसांसाठी देतो. पावसानंतर दोन दिवस आधी शेतात शिरता यावं यासाठी. आता ज्याचं ४० एकर आहे त्याला हे दोन दिवस सोन्याचे आहेत, पेरणी संपेपर्यंत पुढचा पाऊस येऊन बसतो. पण सात एकर? सीडड्रिलने (पेरणी यंत्राने) एका दिवसात होतात, फार तर दीड. ट्रॅक्टर अंगणात उभा आहे, कोणाच्या नंबराची वाट बघायची नाही, मग दोन दिवस थांबायला काय हरकत आहे. आणि ओल्यात शिरलेलं या मातीला आवडतही नाही, फोर व्हील रुतला नाही म्हणजे माती दबली नाही असं नसतं, उलट तो दीड-दोनशे किलो जडच असतो.

टू व्हीलला अजून बरंच काही करता येतं जे लोक करत नाहीत. मागच्या टायरमध्ये चारातले तीन हिस्से पाणी भरलं तर एकेका चाकाला दीडशे किलोच्या वर वजन मिळतं, जवळजवळ फुकट, वाफशाच्या जमिनीत याचा फायदा आहे (गाऱ्यात नाही, कणीक आठवा). एकच चाक फिरत असेल तर डिफ लॉकचा (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) पेडल दाबायचा, सरळ जाताना, वळताना सोडायचा. आणि वळण: लहान वावरात प्रत्येक तासाच्या शेवटी वळावं लागतं, एका बाजूचा ब्रेक दाबून टू व्हील जागच्या जागी फिरतो, फोर व्हीलला सहसा जागा जास्त लागते.

फोर व्हीलवाल्यांसाठी एकच सांगणं, डांबरावर पुढच्या चाकांचा ड्राइव्ह चालू ठेवून फिरू नका. पुढची चाकं मुद्दाम मागच्यापेक्षा काही टक्के जास्त वेगाने फिरतील असं गिअरचं गणित असतं, शेतात तेवढी माती सरकते, रस्त्यावर काही सरकत नाही मग टायर आणि गिअर एकमेकांशी भांडत बसतात. उंचीचं माप न बघता पुढचे किंवा मागचे टायर बदलले तरी तेच. मात्र भरलेली ट्रॉली घेऊन कच्च्या उतारावरून यायचं असेल तर चालू ठेवलेला बरा, ब्रेक मागच्या चाकांना असले तरी शाफ्टमधून पुढचीही धरतात. ज्यांची शेतं महूच्या पुढे घाटाकडे उतारावर आहेत, किंवा जे भाताचा चिखल करतात, पुढे लोडर लावतात, किंवा दुसऱ्यांची शेतं भाड्याने करणार आहेत, त्यांनी माझं ऐकून टू व्हील घेऊ नये. भाड्याच्या धंद्यात गिऱ्हाईक वाफशाची वाट बघत नाही.

दादा तेवढ्यावर अडला. कारण भाड्याने चालवायचा विचार त्याच्या मनात होता, मला सांगितला नव्हता. वहिनींनी विचारलं, चालवणार कोण? तुमच्या गुडघ्यांचं काय? मग तो विषय संपला आणि टू व्हील बुक झाला.

ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर गव्हाच्या आधी मी परत गेलो, नव्या ट्रॅक्टरचे दहा फेरे मोजायला. टायरमध्ये पाणी भरलेलं होतं. कल्टिव्हेटर टाकून ३५ मीटर भरले. दादाने स्वतः दोनदा मोजले, पहिल्यांदा फेरे नऊच झाले होते. चुन्याची डबी या वेळी त्याने स्वतःची आणली होती, वहिनींना सांगत होता की ती फक्त मापासाठी आहे.