दम आधी वाढतो, हाड मागून येतं

भरतीची चाहूल लागली की साताऱ्यातली पहाट बदलते. यवतेश्वरच्या घाटात, गावाबाहेरच्या रस्त्यांवर पोरं अंधारातच पळायला लागतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर पळावं लागतं. शिवाय हिल मॅरेथॉनच्या 21 किलोमीटरसाठी घाट चढणारे आमच्यासारखे असतातच. गेल्या पावसाळ्यात त्यातलाच एक पोरगा वळणावरच्या कठड्यावर नडगी चोळत बसलेला दिसला. म्हणाला, "काका, दम आता अजिबात लागत न्हाय, पण ही नडगी लय ठणकतीय."

त्याच्या या एका वाक्यात सगळं शरीरशास्त्र आलं. पळायला लागल्यावर रक्तातलं पाणी दोनेक आठवड्यांत वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूही काही आठवड्यांत तयार होतात. हाडाचं आणि स्नायूबंधाचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोराचं, तसं नाही. हाडावर नवा भार आला की आधी जुना भाग कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्यांचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पण ती पोकळी भरून पक्की व्हायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. जुन्या भिंतीचे दगड काढलेत आणि नवे अजून बसायचेत, अशी ती अवस्था. नेमकं याच काळात दम वाढलेला असतो, हुरूप आलेला असतो आणि माणूस अंतर दुप्पट करतो.

मी त्याच्या नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबत वरून खाली गेलो. चांगलं वीतभर दुखत होतं. असं पसरलेलं दुखणं बहुतेक वेळा अतिभाराचं असतं, पळणं कमी केलं की उतरतं. पण दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका, हे मी कळकळीनं सांगतो. हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं गेलं तेही फौजेतच: कवायत करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी 1855 साली केलं होतं.

घाट उतरल्यावर मांड्या धरतात, जिना आडवं होऊन उतरावा लागतो, ते दुखणं वेगळं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि त्याच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते. एक ते तीन दिवस हे दुखणं जोरात असतं, मग आपोआप जातं. त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतात, पण ते तर पळणं थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं.

टाचेमागचा जाड स्नायूबंध सकाळी आखडत असेल, तर नुसती विश्रांती पुरत नाही. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली सोडायच्या, रोज, बारा आठवडे. कंटाळवाणं काम आहे, पण बहुतेकांना उपयोगी पडतं.

दुखतंय तरी पळावं का? माझं माप साधं आहे. दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नसेल, तर हलकं पळायला हरकत नाही. वेदनाशामक गोळी खाऊन मात्र पळू नये. शरीराची हाक त्यानं दबते आणि लांब पळताना अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर मूत्रपिंडांवरही ताण येतो. अंतर आणि चढ एकाच आठवड्यात वाढवू नका. पावलं थोडी आखूड, थोडी भरभर टाकली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो.

तो पोरगा दोन आठवडे सायकलवर होता. परवा घाटात पुन्हा भेटला. आता एक दिवसाआड पळतो, चढ पळत जातो आणि उतार चालत येतो.